घराच्या मधोमध धुकं

३ जानेवारी, गुरुवार

नेटाने नवा पेन आणलाय. जाड, काळा – दुकानातल्या खोक्यांवर नावं घालतात तसला.
"याने लिही. निदान तुझ्या ओळी एकमेकींच्या अंगावर चढणार नाहीत."
म्हणजे चोरून वाचते की काय ही? विचारलं. म्हणाली, "पन्नास वर्षं तुझी बडबड ऐकतेय, आता वाचूही?"

डोळ्यांचं तेच. कडा दिसतात, मधलं दिसत नाही. जिथे बघावं नेमकं तिथेच धुकं. नेटाचे दोन्ही कान स्पष्ट दिसतात, नाक दिसत नाही. तिला सांगितलं तर म्हणाली, "लग्नाच्या वेळी असं झालं असतं तर तू इतके दिवस घासाघीस केली नसतीस." नाक लांब आहे तिचं. पण मला आवडायचं. आता आठवणीतूनच बघायचं.

ऑक्टोबरात डॉक्टर म्हणाले, वाढत जाईल, पूर्ण अंधार मात्र होणार नाही. मोठ्या औदार्याने म्हणाले. गाडी चालवणं त्याच दिवशी बंद. बाकी कुणाला सांगायचं नाही, असं नेटाकडून वदवून घेतलंय. हा एक हिवाळा. शेवटचा सामना फेब्रुवारीत. तेवढं रेडिओवर बोलून घेऊ दे. मग बघू.

परवापासून पुन्हा सुरू.

५ जानेवारी, शनिवार

थकलो. नुसतं बसून बोलायचं, तरी पाठ मोडली.

आमची बोलायची खोली बर्फाच्या वर, काचेमागे. खाली कर्लिंगचे चार पट्टे, प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना वर्तुळांचं घर; दांड्याचा दगड बर्फावरून सरकवत त्या घराच्या मधोमध थांबवायचा, एवढाच आमचा खेळ. पूर्वी या खुर्चीतून समोरच्या घरातल्या दगडाच्या दांड्यावरचा ओरखडासुद्धा दिसायचा. आज घराची बाहेरची निळी कड दिसली, आणि आत कुणीतरी दूध सांडल्यासारखं.

पण कान शाबूत आहेत. दगड सुटला की त्याची गुरगुर ऐकायची. जड, म्हणजे जरा जास्त जोरात, सुटला की आवाज खालच्या पट्टीत. पुढे झाडू घासायला लागले म्हणजे तो कमी पडतोय, त्याला लांब न्यायचंय. झाडू थांबले म्हणजे पुरे झालं. इतकं कळलं की बाकीचं तोंडाला येतं. रेडिओच आहे. ऐकणाऱ्यालाही दिसत नाही – आम्ही सगळे एकाच धुक्यात!

मात्र ही हल्लीची पोरं! या हिवाळ्यात काय अंगात आलंय कळत नाही. प्रत्येक दगड थांबला की ओरडतात – "लाल, घराच्या मागच्या कडेला, अर्धा झाकलेला!" "पिवळा, मधोमध, उजवीकडे हातभर!" अरे, तुमच्याच पायाशी पडलाय ना तो? आमच्या वेळी कप्तान झाडू टेकवून जागा दाखवायचा, बस. शब्द निघायचा तो सामना संपल्यावर, पेल्याजवळ.

किलमॉरोची इशबेल सगळ्यांत मोठ्याने. चोवीस-पंचविशीची पोर, कप्तान आहे, हात सोन्याचा, पण गळा मासळीबाजारातला. मी मॉर्व्हनला म्हणालो, "हिच्या गड्यांना डोळे नाहीत का?"
मॉर्व्हन माझ्या शेजारी बसते – आकडे, डावपेच ती बोलते, चित्र मी रंगवतो. स्वतः दोनदा देशाची विजेती. ती म्हणाली, "नवीन शिकवणारे आलेत, ॲडम. सतत बोलत राहा म्हणतात."
"आम्हाला शिकवायचे गप्प बसायला."
"म्हणून तुम्ही पुढे रेडिओवर आलात का?"

जीभ धारदार आहे. माझी खुर्ची पुढे तिलाच मिळणार. मिळायलाच हवी. फक्त आत्ता नको.

६ जानेवारी, रविवार

स्वयंपाकघराच्या दाराला बाबांचा दगड लावलेला असतो, दार आपटू नये म्हणून. आज त्याला ठेच लागली. नेटा म्हणाली, "जगज्जेता, आणि घरातला दगड चुकवता येत नाही."

बराच वेळ त्याच्यावर हात ठेवून बसलो. गार, गुळगुळीत. बाबांनी मला याच दगडावर शिकवलं, आमच्या शेताखालच्या तळ्यावर. बर्फावर खिळा बांधलेल्या दोरीने वर्तुळं काढायची. "याला घर म्हणायचं. मधोमधच्या जो जवळ, तो खरा. आणि घाई करायची नाही, दगडाला कुठे घाई असते?"

तळं चालण्याजोगं गोठलं की गावभर निरोप जायचा. पाद्री, गुराखी, डॉक्टर, लोहार – सगळे एका रांगेत, कुणाला कुणी साहेब म्हणायचं नाही. शाळेत आम्ही पोरं खिडकीला चिकटलेली. मिस पिटकेर्नची अट होती: हिवाळ्याची एक कविता न अडखळता म्हण, आणि जा. मी सप्टेंबरपासून पाठ करायचो. एक नाही, चार-पाच, न जाणो बाईंनी भलतीच मागितली तर. त्यामुळे तळ्यावर पहिला मीच. लोकांना वाटतं मला कवितेचं वेड म्हणून मी रेडिओवर तसं बोलतो. खरं उलट आहे. बर्फाचं वेड होतं. कविता हे तिकीट.

पण तिकिटंच राहिली खिशात.

११ जानेवारी, शुक्रवार

पाऊस. तळ्यावर आता बर्फाची साय येते, तीही दुपारपर्यंत टिकत नाही.

१२ जानेवारी, शनिवार

सामना बरा झाला. म्हणजे मी बरा बोललो. एकदा म्हणालो, "दगड असा येतोय, जसा म्हातारा पाद्री जिना उतरतो – प्रत्येक पायरीला विचारून." ग्रेगरने कानातल्या यंत्रातून म्हटलं, "छान, पण गुण सांगा." ग्रेगर म्हणजे आमचा निर्माता, ग्लासगोहून येतो, घड्याळाकडे बघत जगतो.

मॉर्व्हन सामन्याआधी खाली बर्फावर जाऊन पोरींशी बराच वेळ कुजबुजत होती. "काय एवढं?" म्हटलं तर म्हणाली, "नखांचे रंग विचारत होते. तुम्हाला हवाय का एखादा?"

आरडाओरडा तसाच. खरं सांगायचं तर – इथेच सांगतो, इथे कोण ऐकतंय – तो आरडाओरडा मला उपयोगी पडतो. इशबेल ओरडते "झाकलेला", मी सावकाश म्हणतो, "आणि आता तो दगड आपल्या भावाच्या पाठीमागे लपलाय." मॉर्व्हन म्हणते, "वा." मला लाज वाटते, थोडी.

परत येताना रस्ता काचेसारखा. नेटा पुढे वाकून चालवत होती, नाक जवळपास काचेला. तिचा गुडघा दुखतो, बोलत नाही. मी म्हणालो, "तू वर उपाहारगृहात बसतेस, कंटाळत असशील."
"विणते. काचेतून तुला बघते."
"काय दिसतं?"
"तोंड हलताना दिसतं. घरी दिसतं तेच. फक्त तिथे आवाज नसतो, तेवढी विश्रांती."

१९ जानेवारी, शनिवार

सर्दी. आवाज घोगरा. लोकांना म्हणे आवडला.

सुरुवात अशीच सर्दीने झाली होती. स्वीडनमध्ये जगज्जेतेपद जिंकून आलो त्याच्या पुढल्या वर्षीची गोष्ट. खांदा गेला होता, खेळणं सुटलं होतं, मेंढ्यांच्या बाजारात लिलाव पुकारायचं काम करत होतो. सामना नुसता बघायला गेलेलो. टीव्हीवर बोलणाऱ्याचा घसा बसला. कुणीतरी म्हणालं, तो बघा लॉरिमर, लिलाववाला, याला बसवा. बसलो. पहिल्याच दगडाला सवयीने म्हणून गेलो, "आणि हा गेला!" – मेंढी विकली की म्हणतात तसं. सगळे हसले. ते "हा गेला" पुढे तीस वर्षं लोक रस्त्यात मला म्हणायचे. पोरं, टपालवाला, पाद्री. एकदा स्मशानातही, वहिनीच्या वेळी, शवपेटी खाली उतरवताना एक जण माझ्याकडे बघून ओठातल्या ओठात – असो.

मग टीव्हीला तरुण चेहरे हवे झाले. मला रेडिओ दिला. खुर्ची तीच, काच तीच, फक्त टाय लागेनासा झाला.

२५ जानेवारी, शुक्रवार

आज आमच्या राष्ट्रकवीच्या जयंतीचं जेवण. गावच्या सभागृहात. मेंढीच्या काळजा-फुप्फुसांचा तो गोळा, हॅगिस, ताटात आला की त्याच्यासमोर कवीची कविता दरवर्षी मीच म्हणतो. कागद हातात धरला होता, उगाच, लोकांना वाटावं वाचतोय. उलटा धरला होता म्हणे. नेटाने माझ्या कोपराला धरून सरळ केला. शब्द एकही चुकला नाही. मिस पिटकेर्न, तुमची कृपा.

बर्फवाला डूगी शेजारी होता. तो रोज पहाटे बर्फावर पाण्याचे थेंब शिंपडतो, त्या थेंबांवरूनच दगड चालतो. त्याला दोन पेले झाले की तत्त्वज्ञान सुचतं. म्हणाला, "ॲडम, बर्फावर काही लपत नाही. बघणाऱ्याने न बघितल्यासारखं केलं तरच."
मी म्हणालो, "सलगम घे अजून."

२६ जानेवारी, शनिवार

वाईट दिवस.

इनव्हरनेसच्या पोरी आल्या होत्या. पहिल्यांदाच आमच्याकडे. गप्प खेळल्या – जुन्या वळणाच्या, नुसता झाडू टेकवायचा. मला आवडायला हवं होतं. मी अंधारात चाचपडत होतो. चौथ्या डावात दगड थांबला, मी म्हणालो, "लाल! लाल मधोमध!" पिवळा होता. मग मॉर्व्हन हसून म्हणाली, "ॲडम आज बघताहेत, घरी कोण जागं आहे ते. पिवळा आहे हो, मंडळी."

ग्रेगरने नंतर विचारलं, "चष्मा बदलायला झालाय का?"
"काच धुरकटलीय," म्हणालो.
"सांगतो पुसायला."
म्हणजे आता मी खोटंही बोलायला लागलो. छोटं, पुसून टाकण्यासारखं.

मधल्या सुट्टीत मॉर्व्हन चहा आणायला गेली ती गेलीच. आली तेव्हा चहा गार. सुट्टीनंतर त्या इनव्हरनेसच्या पोरीही ओरडायला लागल्या – "पिवळा, कडेला!" रोग लागला त्यांनाही. मी मात्र त्या रोगावर निभावलो.

२ फेब्रुवारी, शनिवार

आज काही विशेष नाही. बोललो. आलो. सूप प्यालो. नेटाचा गुडघा सुजलाय.

९ फेब्रुवारी, शनिवार

किलमॉरो उपांत्य फेरीत पोचलं. इशबेलने एक दगड असा सोडला की मी बोलायचंच थांबलो, नुसती त्याची गुरगुर ऐकत राहिलो. ग्रेगर कानात ओरडला, "रेडिओ आहे! बोला!" मी म्हणालो, "मंडळी, ऐका." आणि पुन्हा गप्प. सबंध स्कॉटलंडला एक दगड ऐकवला मी आज. मॉर्व्हनने माझ्या हातावर हात ठेवला.

हे सुटणार, याची मला भीती वाटते. तेवढं एकच. मरणाची नाही वाटत इतकी. नेटा विचारते, "मग काय करणार तू आयुष्यभर? मी चालवणार, तू बोलणार, आणि एक दिवस दोघं खड्ड्यात?" तिला समुद्राकाठी बहिणीजवळ राहायला जायचंय. सपाट गाव, जिने नाहीत. मी म्हणतो, बघू. ती म्हणते, "बघू म्हणणारा माणूस बघ कोण आहे."

१६ फेब्रुवारी, शनिवार

उपांत्य सामना. हे नीट लिहायला हवं.

शेवटून दुसरा डाव. किलमॉरोचा दगड घराकडे चाललेला, इशबेलच्या संघातली फ्रेया आणि दुसरी पोरगी पुढे झाडत. दगड सुंदर थांबला असावा, कारण लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि फ्रेयाने हात वर केला.
"माझा झाडू लागला."
कुणी पाहिलं नव्हतं. पंचांनी नाही, समोरच्या संघाने नाही, मॉर्व्हनने नाही. झाडू चालत्या दगडाला लागला की आम्ही म्हणतो दगड जळाला – आणि ते ज्याचं त्यानेच सांगायचं असतं. दुसऱ्याने बोट दाखवायचं नसतं. आमच्या खेळात पोलीस नाही. दगड बाहेर काढला. इशबेलने फ्रेयाच्या पाठीवर थाप मारली, एक शब्द नाही. पुढे नशिबाने जिंकल्या, थोडक्यात.

मी माइकवर काय काय बोललो! म्हणालो, "मंडळी, याच एका हातासाठी हा खेळ जिवंत आहे. बर्फ दरवर्षी वितळतं, हा हात वितळत नाही." ग्रेगरसुद्धा म्हणाला, सुरेख.

घरी आलो आणि जेवण जाईना. फ्रेया एकवीस वर्षांची आहे. मी अठ्ठ्याहत्तर.
नेटा म्हणाली, "काय झालं?"
"माझा हात कधी वर जाणार, नेटा?"
तिने वाडगा माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाली, "आधी चमचा वर जाऊ दे. सूप गार होतंय."

१८ फेब्रुवारी, सोमवार

ठरवलं. शनिवारचा अंतिम सामना झाला की सांगेन. ग्रेगरला आणि मॉर्व्हनलाही. शनिवार तेवढा हवा.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

मॉर्व्हनचा फोन. "ॲडम, शनिवारी लवकर या. पर्थचा संघ आहे समोर, त्यांच्याशी मला सामन्याआधी जरा बोलायचंय, मग आपण चहा घेऊ."
"नखं?"
"नखं."

२३ फेब्रुवारी, शनिवार

अंतिम सामना. फार उशीर झालाय. उद्या लिहीन.

२४ फेब्रुवारी, रविवार

काल आयुष्यात सगळ्यांत चांगला बोललो. हे कुणी म्हणालं म्हणून नाही लिहीत.

हॉल तुडुंब. दोन्हीकडचा आरडाओरडा तर विचारू नका – पर्थच्या पोरीही इशबेलच्या वरताण. प्रत्येक दगडाचा पत्ता, गल्ली-घर-नंबरासकट. मी त्यांच्या आवाजांवर असा चाललो, जसा लहानपणी बाबांच्या पावलांवर बर्फात पाय टाकत चालायचो. एक डावही चुकलो नाही.

शेवटचा दगड इशबेलचा. पर्थचा एक दगड मधोमधच्या जवळ. इशबेलचा त्याच्याही आत थांबला तर किलमॉरो विजेते. किलमॉरोला हे कधीच मिळालेलं नाही. हॉल गप्प. दगड सुटला. मला आवाजावरून कळलं – किंचित जड. किंचितच. मी म्हणालो, "ओझं थोडं जास्त आहे हो, या दगडाला घरी थांबायचंय पण पाय थांबत नाहीत." झाडू उचललेले. गुरगुर हळू, हळू, मग नाही.

आणि इशबेलचा आवाज आला, खणखणीत, पण फाटलेला – "लाल, मागे गेला! बोटभर! पर्थचा पिवळा आत!"

मी म्हणालो, "बोटभर, मंडळी. एका बोटाने किलमॉरो हरलं. पर्थ विजेते."

रात्रभर तेच मनात. कोण पोर स्वतःची हार अशी लिलावासारखी पुकारते? रडत होती, नेटा सांगते. गालावरून पाणी वाहत होतं आणि तोंड उघडून ओरडत होती. मग तिने हातमोजा काढला आणि पर्थच्या कप्तानापुढे हात केला. आमच्यात असंच. हरलेल्याने वाट बघायची नसते, मोजा काढायचा आणि हात पुढे करायचा. मग जिंकलेल्याने त्याला पहिला पेला पाजायचा.

खाली पेल्यांजवळ सगळे माझ्याभोवती. "काय डोळा आहे हो, ॲडम! बोटभर म्हणालात ते आम्हाला जवळून बघून कळलं!" ग्रेगरने खांद्यावर हात टाकला. "पुढचा हिवाळाही तुमचाच. आणि एप्रिलमध्ये जागतिक स्पर्धा – तुम्ही आणि मॉर्व्हन. शुक्रवारपर्यंत कळवा."

सांगणार होतो ना मी? तोंड उघडलं. म्हणालो, "कळवतो."

२५ फेब्रुवारी, सोमवार

नेटा कालपासून बोलत नाही. ताटं जरा जोरात ठेवते.

शेवटी मीच म्हणालो, "एकही चूक झाली नाही, नेटा. एकही. मग डोळ्यांचं कुणाला काय सांगायचं? कान पुरतात मला. कान आणि पाठांतर."
"असं?"
"मग काय, कुणी मदत केली का मला?"
विणकाम खाली ठेवून तिने माझ्याकडे बघितलं असावं. सुया थांबल्या एवढं कळलं. मग पुन्हा सुरू झाल्या.

२७ फेब्रुवारी, बुधवार

हो म्हणणार आहे. परवा ग्रेगरला फोन करीन. आज मन हलकं आहे. बऱ्याच दिवसांनी एक जुनी कविता सबंध आठवली, स्नानगृहात मोठ्याने म्हटली. नेटाने दार वाजवलं, "पाणी संपतंय."

१ मार्च, शुक्रवार

फोन करण्याआधी डूगीला सांगावं म्हणून हॉलवर गेलो. त्याच्याकडे मागच्या दाराने जातात, यंत्रांच्या खोलीतून. नेटा गाडीतच थांबली. मी येणार हे कुणाला माहीत नव्हतं.

आत सराव चालू होता. चारही पट्ट्यांवर. दारातूनच कळलं, दगड चालताहेत. थांबलो ऐकत. एक दगड गेला, गुरगुरला, थांबला.

कुणी काही बोललं नाही.

दुसरा गेला. थांबला. काही नाही. झाडू घासल्याचा आवाज, कुणाचं हळू खोकणं, एक "बरं". बस. आमच्या वेळेसारखं. मला वाटलं हॉल रिकामा आहे, दगड आपोआप चाललेत. बराच वेळ उभा होतो.

मग डूगी कुठूनसा म्हणाला, मोठ्याने, "पोरींनो, ॲडम आलाय!"

आणि पलीकडच्या टोकाकडून इशबेल – "लाल, घराच्या डाव्या कडेला, उघडा!" दुसऱ्या पट्ट्यावरून कुणी, "पिवळा, मधोमध, मागे हातभर!" मग तिसऱ्या. मग चौथ्या. म्हणजे हेच ते मॉर्व्हनचे नखांचे रंग.

मी कठड्याला धरून तिच्या पट्ट्यापर्यंत गेलो. हातमोजा काढला. हात पुढे केला – जरा बाजूला गेला असेल, मधलं दिसत नाही.
ती ओरडायची थांबली. मग तिचाही मोजा निघाल्याचा आवाज आला. हात गार होता, ओला.
म्हणाली, "पहिला पेला माझ्याकडून, ॲडम."